टेकाडावरची नऊ झाडं

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१८ मार्च २००७

चि. देवदत्त यास,
अनेक आशीर्वाद.

पाच वर्षांत मी पाठवलेल्या एकाही ईमेलला तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून या वेळी हाताने लिहितो आहे. अक्षर तुझ्या ओळखीचं आहे. पहिलीत तुझ्या पाटीवर मीच कित्ता घालून द्यायचो.

तुझ्या वकिलाचं पत्र मिळालं. त्यात तू 'माझे अशील' आहेस आणि मी 'सहमालक'. सुनेत्राने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "सहमालक म्हणजे इंग्रजीत भाऊ का हो?" तुझ्या वहिनीचा स्वभाव तुला माहीत आहे.

हेरन पॉन्डवरची आपली सतरा एकर जमीन एका बिल्डरला हवी आहे. तो तिथे चौदा घरं बांधणार आणि प्रत्येक घरासमोर पाण्यात लाकडी धक्का. तुझी तयारी आहे, असं वकील लिहितो. पैशासाठी तू विकत नाहीस, हे मला माहीत आहे. 'दादाच्या नावाशेजारी माझं नाव कुठल्याच कागदावर नको' असं तू संध्याला म्हणालास, ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस.

मला विकायची नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून भागणार नाही, कारण आज ना उद्या आपल्यापैकी एकजण जाईल आणि मागचे लोक विकतील. म्हणून मी दुसरा मार्ग शोधला आहे. त्याला इथे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट म्हणतात. जमीन आपल्याच नावावर राहते. आपण ती विकू शकतो, मुलांना देऊ शकतो. पण तिच्यावर घरं बांधण्याचा, जंगल तोडण्याचा, किनारा भरून काढण्याचा हक्क आपण कायमचा सोडून देतो. तो हक्क एका लँड ट्रस्टच्या हाती जातो. ते तो वापरत नाहीत, फक्त राखून ठेवतात आणि दर वर्षी येऊन बघून जातात. उद्या जमीन कुणीही घेतली तरी हे बंधन जमिनीबरोबरच जातं. इथल्या गावच्या बोर्डाची मंजुरी लागते, बॉस्टनहून राज्याची सही लागते. सगळ्यात आधी दोन्ही मालकांच्या सह्या लागतात.

गावाकडच्या कुणाला हे समजावताना मी एकच शब्द वापरला असता आणि त्या माणसाने लगेच मान डोलावली असती. तुला लिहिताना तो शब्द वापरायला माझा हात धजत नाही.

मसुदा सोबत आहे. अठ्ठावीस पानं आहेत. शेवटी आपण राखून ठेवलेले दोनतीन किरकोळ हक्क आहेत, पायवाट साफ करणं, पडलेलं लाकूड उचलणं वगैरे. ते पान नाही वाचलंस तरी चालेल.

पाडवा तोंडावर आलाय. संध्याला आणि तुला नव्या वर्षाचे आशीर्वाद.

तुझा,
दादा

*

श्रूजबरी
६ मे २००७

चि. देवदत्त,
आशीर्वाद.

तुझ्या वकिलाचं उत्तर आलं. एकच ओळ: अशिलाचा निर्णय कायम आहे. ठीक. मीही लिहिणं कायम ठेवतो.

काल पॉन्डवर गेलो होतो. बर्फ वितळून तीन आठवडे झाले. पाणी अजून इतकं गार आहे की हात घातला की मनगट दुखतं. लँड ट्रस्टच्या एलेनबाई बरोबर होत्या. साठीच्या आहेत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात कॅमेरा, चालताना मागे वळून बघत नाहीत. करार करण्यापूर्वी जमीन आज कशी आहे याची नोंद करावी लागते. कुठे कोणती झाडं, किनारा किती, जुनी दगडी कुंपणं कुठे. पुढे कुणी काही बदललं तर या नोंदीशी ताडून बघतात. आपला किनारा अकराशे फूट भरला. चौऱ्याण्णव साली आपण दोघांनी दोरीने मोजला होता तेव्हा तू बाराशे सांगत होतास आणि मी हजार. दोघेही चुकलो.

हिमानी आली होती. वूस्टरला कॉलेजात असताना काकाकडे यायचं नाही, असं तू तिला कधी सांगितलं नाहीस, हे तुझं मोठेपण. तिने आपणहून विचारलं, "काका, कॅन आय कम?" मी नाही कसं म्हणणार?

ती वाटेतल्या काळ्या माश्यांना शिव्या देत चालत होती, इंग्रजीत, पण सूर अगदी आपल्या आईचा. मग टेकाडावर बसलो तेव्हा तिने सरळच विचारलं.

"काका, बाबा सेज यू कट डाउन अ फॉरेस्ट. इज दॅट ट्रू?"

मी म्हणालो, "मी नाही. गावाने. आणि देवीने कौल दिला होता."

"व्हॉट्स अ कौल?"

मी तिला सांगितलं. देवीच्या मूर्तीला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडे आणि डावीकडे. गुरव प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीची परवानगी, डावी पडली तर नकार.

"सो शी कॅन ॲक्चुअली से नो?"

"म्हणू शकते."

"अँड देन?"

"मग नाही. मग विषय संपला."

"दॅट्स सो कूल," ती म्हणाली आणि सँडविच खायला लागली. मी माझं पुन्हा कागदात गुंडाळून ठेवलं. माश्या फार होत्या.

वाघजाईचा कौल झाला होता, हे तुला मी तेव्हाही सांगितलं होतं. देऊळ समितीचा राजाराम साक्षीला आहे. यापेक्षा जास्त मी काय सांगू?

शेजारी वॉल्टची केबिन आहे, ती तुला आठवत असेल. त्याने तारेच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, आता चौऱ्याहत्तरीचा आहे. तो कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "शशी, कर वाचवायला करतोयस ना हे सगळं?" मी म्हटलं, थोडा वाचेल. तो म्हणाला, "खरं बोललास म्हणून सांगतो, बिल्डर माझ्याकडेही आला होता. त्याने कॉफी पाजली. कॉफी वाईट होती."

सुनेत्राचा संध्याला नमस्कार.

दादा

*

श्रूजबरी
१५ जुलै २००७

चि. देवदत्त,
आशीर्वाद.

हे पत्र मी चारदा लिहायला घेतलं.

परवा एलेनबाईंना मी विचारलं, आपण सही केली आणि दहा वर्षांनी माझं मन बदललं तर? त्या हसल्या. म्हणाल्या, "मिस्टर शशिकांत, हे सगळं त्याच्यासाठीच असतं. एकदा नोंदलं की हा प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. तुम्हालाही नाही, तुमच्या मुलांनाही नाही." त्या सहज बोलल्या. मी गाडीत येऊन बसलो आणि किल्ली लावायला विसरलो.

आता ऐक. दोन हजार एक साली, वडील जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या नावाने वाघजाईचं देऊळ पक्कं बांधायचं मी ठरवलं. तुला हे माहीत आहे. देवळापर्यंत रस्ता आणि नवा सभामंडप करायचा तर देवराईतली एकेचाळीस झाडं जात होती. त्यातली काही इतकी जुनी की त्यांना आजोबाही आजोबा म्हणायचे. मान आपल्या घराण्याचा, त्यामुळे आपल्या घराची संमती आणि देवीचा कौल, दोन्ही लागत होतं. तू फोनवर ओरडून सांगितलंस, एक फांदी तोडू देऊ नकोस. मी म्हणालो, देवी काय सांगते ते बघू.

कौल लावला त्या दिवशी इथे सकाळचे नऊ वाजले होते, तिथे सांजवात. मी इथून पाटलांच्या घरी फोन लावून बसलो होतो. देवळात श्रीराम गुरव बसला होता. राजाराम देवळातून पाटलांच्या ओटीपर्यंत धावत यायचा आणि मला सांगायचा.

पहिल्यांदा तो धापा टाकत आला. "डावा पडला, दादा."

मी म्हणालो, "प्रश्न नीट विचारला नसेल. पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला बोलताही येत नव्हतं. "पुन्हा डावाच."

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "राजाराम, मी सात समुद्रांपलीकडून पैसे पाठवतोय ते परत घ्यायला नाही. तिसऱ्यांदा लाव."

तिसऱ्या वेळी तो फार लवकर परत आला. आणि त्याला धाप लागलेली नव्हती. "उजवा दिला," म्हणाला.

देवळापर्यंतचं अंतर तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी विचारलं नाही. संमतीपत्रावर सही केली आणि त्याच दिवशी पोस्टात टाकली. नंतर तुला सांगितलं की देवीने कौल दिला. पुढची सहा वर्षं सगळ्यांना तेच सांगितलं. मे महिन्यात हिमानीलाही तेच सांगितलं, आणि त्याच तोंडाने तिला शिकवलं की देवी नाही म्हणाली की विषय संपतो.

मी रोज सकाळी पूजा करतो. पाच मिनिटं का होईना, मन लावून करतो. आणि सहा वर्षं रोज सकाळी मी देवीसमोर या एका गोष्टीला सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलत आलो.

मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. सही कर असंही या पत्रात म्हणत नाही. एवढंच तुला माझ्याकडून कळायला हवं होतं.

दादा

*

श्रूजबरी
२३ सप्टेंबर २००७

चि. देवदत्त,
आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. 'मला माहीत होतं. २००२ मध्ये गावी गेलो तेव्हा श्रीरामने रडत रडत सांगितलं. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो.' बस, तीन वाक्यं. पाच वर्षांत तुझ्या हातची पहिली अक्षरं. मी ती सुनेत्राला वाचून दाखवली नाहीत, कारण वाचता आली नसती. तिनेच हातातून कागद घेतला.

मग तिने मसुदा उघडला. तू पान पंचवीसवर लाल पेनने एक पूर्ण परिच्छेद खोडला होतास. समासात दोन शब्द: 'देऊळ नको.' आणि खाली, 'हे काढलंस तर सही करतो.'

तू ते पान वाचणार नाहीस, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर, तू वाचू नयेस म्हणूनच मी तसं लिहिलं होतं. टेकाडावर वीस फूट बाय वीस फूट, एक छोटं देऊळ बांधण्याचा हक्क मी आपल्यासाठी राखून ठेवला होता. कौलारू छप्पर, एक घंटा, बास. एलेनबाईंनी हरकत घेतली नव्हती. त्या म्हणाल्या, एवढं चालतं.

मला तुझा राग आला. खोटं कशाला सांगू, फार आला. मी सुनेत्राला म्हणालो, "कबुली दिली तरी याचं समाधान नाही. याला देवाचंच वावडं आहे."

ती भाजी चिरत होती. म्हणाली, "गावातलं देऊळ बघितलंत ना? आत शिरलं की बाथरूममध्ये आल्यासारखं वाटतं. तुम्हीच फरशा पसंत केल्यात."

"हे तसं नसेल."

"तेही तसं नसणार होतं. आणि मी म्हणते, देवाचं इथे काय अडलंय? तो काय त्या टेकाडावर कुडकुडत उभा आहे, की शशिकांत येतील आणि मला छप्पर घालतील?"

मी जेवलो नाही. हे तिला फार लागलं असं समजू नकोस. माझ्या वाटचं तिने डब्यात भरून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी एलेनबाईंचा फोन आला. देवळाचा हक्क ठेवायचा असेल तर त्याची नेमकी जागा नकाशावर दाखवावी लागेल आणि जी झाडं जातील त्यांची नोंद करावी लागेल. तुमचं तुम्ही मोजून फिती बांधून ठेवा, मी येऊन फोटो घेते. त्यांनी केशरी फितीचं रीळही पाठवून दिलं.

गेल्या शनिवारी मी एकटाच गेलो. टेप घेऊन चार खुंट्या ठोकल्या. मला वाटलं होतं, टेकाडावर जागा मोकळीच आहे. मोकळी जागा आपण बसतो तेवढीच आहे, चार माणसांची. वीस फूट धरले, भोवती सामान आणायला वाट धरली, की नऊ झाडं आत येतात.

मी पहिल्या झाडाला फीत बांधली. हेमलॉक, बुंध्याला दोन्ही हातांची मिठी पुरत नव्हती. दुसरा पाइन. तिसराही पाइन, त्याच्या ढोलीत खारीने पाइनची शंकूसारखी कोवळी फळं कुरतडून टाकलेली. चौथं ओकचं, वाकडं, वीज पडून एका अंगाला जळालेलं आणि तरी जिवंत. पाचव्याला फीत बांधताना माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात कारणं तयार करतोय. हे तसंही म्हातारं आहे. हे वाकडं आहे. हे पडणारच होतं. राजारामने मला झाडांची यादी वाचून दाखवली तेव्हाही मी फोनवर हेच म्हणत होतो. अगदी हेच शब्द, याच क्रमाने.

सहाव्या झाडापाशी मी थांबलो. रीळ हातात होतं. मला कुणी बघत नव्हतं. त्या दिवशी फोनवरही मला कुणी बघत नव्हतं.

मी खाली बसलो आणि हात जोडले. काही मागितलं नाही. बरीच वर्षं झाली होती काही न मागता बसून. समोर पाणी होतं, वारा नव्हता. मग उठलो आणि पाचही फिती सोडल्या. गाठी पक्क्या बसल्या होत्या, दातांनी सोडवाव्या लागल्या. वॉल्ट त्याच्या होडीतून बघत होता, हे मला नंतर कळलं. तो ओरडला, "शशी, झाडं चावतोयस की काय?"

खोडलेल्या परिच्छेदाशेजारी मी माझी आद्याक्षरं घातली आहेत. नवी प्रत वकील करतोय. देऊळ नाही.

तुझा,
दादा

*

श्रूजबरी
१४ नोव्हेंबर २००७

चि. देवदत्त,
आशीर्वाद.

काल फोनवर आपण अकरा मिनिटं बोललो. सुनेत्राने मोजली. त्यातली नऊ मिनिटं तुझ्या सांता क्लाराच्या हवेवर गेली आणि एक मिनिट माझ्या बीपीच्या गोळीवर. तुझ्या "दादा आहे का, वहिनी?" या एका वाक्यावर तिला उत्तर सुचलं नाही. तेवीस वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदा पाहिलं. फोनवर मला सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

गावच्या बोर्डाची सभा टाउन हॉलमध्ये झाली. लाकडी बाकं, भिंतीवर घड्याळ, समोर पाच सभासद. तुझी नोटरी केलेली सही सोमवारी कुरिअरने पोचली होती. मी ती पिशवीत ठेवली होती आणि दर पाच मिनिटांनी हात लावून बघत होतो. हिमानी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "काका, रिलॅक्स. इट्स नॉट गोइंग एनीव्हेअर."

बिल्डरचा माणूस चांगला सूट घालून आला होता. तो म्हणाला, चौदा घरं म्हणजे गावाला चौदा घरांचा कर. ही जमीन कायमची बंद करणं म्हणजे गावाच्या मुलांच्या शाळेचं नुकसान. बाकांवरचे काही लोक माना डोलवायला लागले.

अध्यक्षांनी मला बोलायला सांगितलं. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मी एवढंच म्हणालो: मी जिथून आलो तिथे आमचं एक राखलेलं रान होतं. देवीच्या नावाने कित्येक पिढ्यांनी राखलं होतं. कागद नव्हता, सही नव्हती, फक्त लोकांचा शब्द होता. तो शब्द मी मोडला. एका दुपारी एकेचाळीस झाडं गेली, माझ्या सहीने. म्हणून मला असा कागद हवा आहे जो माझ्यासारख्या माणसापासूनही या जागेला वाचवेल.

मी खाली बसलो. मला वाटलं, आपण चुकीचं बोललो.

मग मागून वॉल्ट उठला. त्याला उठायला वेळ लागतो. सगळ्यांना वाटलं तो विरोधात बोलणार, कारण गावात तो प्रत्येक गोष्टीच्या विरोधात बोलतो. गेल्या वर्षी नव्या रस्त्यावरच्या दिव्याच्या विरोधात तो वीस मिनिटं बोलला होता.

तो म्हणाला, "मी या माणसाला तेरा वर्षं ओळखतो. हे दोघे भाऊ आहेत. एक इथे, एक कॅलिफोर्नियात. पाच वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आणि या कागदावर दोघांच्या सह्या आहेत. जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांचं एकमत होतं, मग इथे दर आठवड्याला तोंड वाजवणाऱ्या आपलं का होऊ नये?"

लोक हसले. अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. वॉल्ट बसता बसता म्हणाला, "आणि शाळेचं म्हणाल तर माझी तिन्ही मुलं त्या शाळेत शिकली. त्यांना पोहायला त्या तळ्यात मीच शिकवलं. त्याचा कर कुणी मागितला नाही."

मतदान झालं. पाच विरुद्ध शून्य.

देवदत्त, पाचही हात वर गेले तेव्हा हिमानीने माझा दंड इतका घट्ट धरला की आज तिथे निळं झालंय. बिल्डरच्या माणसाने सभ्यपणे येऊन हात मिळवला आणि ब्रीफकेस बंद केली. बाहेर पडलो तेव्हा अंधार पडलेला, साडेसहाच वाजले होते. पार्किंगमध्ये वॉल्ट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शशी, आता भावाला फोन कर, नाहीतर माझं भाषण वाया जाईल."

मी घरी पोचेपर्यंत तूच केलास.

दादा

*

श्रूजबरी
२१ डिसेंबर २००७

चि. देवदत्त,
आशीर्वाद.

बॉस्टनहून राज्याची सही परवा आली. आज सकाळी मी आणि सुनेत्रा वूस्टरच्या रजिस्ट्रीत गेलो. खिडकीमागच्या मुलीने सगळी पानं एकेक करून तपासली, शिक्का मारला, वेळ लिहिली: दहा वाजून बेचाळीस मिनिटं. तिला ते रोजचंच काम होतं. तिने पुढच्या माणसाला हाक मारली, तरी मी खिडकीसमोरून हललो नाही. सुनेत्रा म्हणाली, "चला आता, त्या बाईला वाटेल आपण पेढे घेऊन आलोय."

तेच खरं झालं. पेढे तिच्याच पर्समध्ये होते. तिने अख्ख्या रांगेला वाटले. एका पोलिसाने दोन घेतले.

एलेनबाईंनी रात्रीच्या जेवणाला बोलावलंय. मी त्यांना सांगितलं, बरोबर माझी पुतणी असेल. त्यांनी विचारलं, "आणि भाऊ?" मी म्हणालो, उन्हाळ्यात.

दादा

*

श्रूजबरी
२२ जून २००८

चि. देवदत्त,
आशीर्वाद.

तुझं तिकीट पंधरा जुलैचं निघालं, हे संध्याने कळवलं. हिमानी लोगन विमानतळावर घ्यायला येईल. मी येणार होतो, पण ती म्हणते, "काका, यू ड्राइव्ह टू स्लो." बरोबर आहे तिचं.

बातमी अशी की वॉल्टनेही सही केली. त्याची नऊ एकर. त्याने मला आधी सांगितलं नाही, रजिस्ट्रीतून येऊन कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बघ, तुझ्यापेक्षा कमी पानांत झालं." त्याच्यामागून पलीकडच्या दोन कुटुंबांनी एलेनबाईंना बोलावलं. मे महिन्यात त्यांचंही झालं. आता पूर्वेचा सगळा किनारा, दक्षिणेच्या टोकापासून धरणापर्यंत, सलग राखलेला आहे. एलेनबाई म्हणतात, त्यांच्या वीस वर्षांच्या कामात एका तळ्यावर एका वर्षात असं कधी झालं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, यात माझं काही नाही. त्या म्हणाल्या, खोटं बोलू नका. मला खोटं बोलायची हौस आता राहिलेली नाही, म्हणून तुला सांगतो: माझं आहे. आपल्या दोघांचं आहे. मला त्याचा फार आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही.

काल करारानंतरची पहिली पाहणी झाली. दर वर्षी व्हायची, ती. एलेनबाई, मी आणि बिनबोलावता आलेला वॉल्ट. पाच तास चाललो. प्रत्येक ठिकाणी त्या गेल्या वर्षीचा फोटो काढून समोर धरायच्या आणि ताडून बघायच्या. दगडी कुंपणं तशीच. ओढ्याचं तोंड तसंच. टेकाड चढून गेलो, तिथे हेमलॉकच्या सावलीत बसून सुनेत्राने दिलेल्या पोळीभाजीचे तीन वाटे केले. वॉल्टला मिरची लागली, पण त्याने कबूल केलं नाही.

शेवटी एलेनबाईंनी तक्ता गुडघ्यावर ठेवला. शेवटचा रकाना होता: गेल्या वर्षभरात जमिनीत झालेले बदल. त्यांनी पेन उचललं आणि एवढंच लिहिलं. काहीही नाही. मग तक्ता माझ्याकडे दिला. मी त्या रकान्याकडे इतका वेळ बघत राहिलो की त्यांना वाटलं, माझी हरकत आहे.

मी सही केली. मला हसू आवरेना. नुसतं हसू नाही, मी मोठ्याने हसत होतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एकोणपन्नास वर्षांचा माणूस, चिखलाचे बूट घातलेला.

वॉल्टने पाण्याची बाटली खाली ठेवली आणि एलेनबाईंना म्हणाला, "वर्षभर काहीच केलं नाही म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी उभ्या जन्मात बघितला नाही."

लवकर ये.

तुझा,
दादा